राक्षसाच्या पायांतला मावा

रविवारी सकाळी डिलाईल रोडच्या माझ्या माहेरच्या चाळीत मंडळाच्या हॉलमध्ये शिरायला जागा नव्हती. ओळीने प्लास्टिकचे टब मांडलेले, प्रत्येकात विजेवर चालणारं एक छोटं यंत्र आणि कुणाचे तरी पाय, आणि गुडघ्यांपासून टबाच्या कडेपर्यंत पांढरी शाल. शाल कशाला, तर निघणाऱ्या विषाची वाफ शेजाऱ्याला लागू नये म्हणून. स्टेजवर शुद्धेश्वर महाराज माइक धरून बसले होते.

"देह म्हणजे काय? पाण्याची टाकी," महाराज म्हणाले. "भरायची वरून, रिकामी करायची खालून. तळपायात बहात्तर हजार नाड्यांची तोंडं आहेत. डॉक्टर लोक तुमचं तोंड उघडतात आणि घाबरवतात. आम्ही तुमचे पाय उघडतो आणि मोकळं करतो."

अर्ध्या तासाने त्यांनी खाली येऊन एकेक शाल स्वतःच्या हाताने उचलली. नळाचं स्वच्छ पाणी काताच्या रंगाचं झालं होतं, वर पिवळट फेस. "तपकिरी दिसतोय तो तंबाखू. फेस आहे ती चरबी." हॉलभर कुजबुज उठली. तिसऱ्या मजल्यावरच्या राधाबाई टबाकडे बघून रडायला लागल्या. जन्मभर दातांना लावलेली मिश्री एकदम समोर दिसली म्हणे.

पहिल्या रांगेत माझा थोरला भाऊ दौलत आणि शांतावहिनी होते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि दात आवळत होते.

दादा लालबागच्या एका कारखान्यात गणपतीच्या देखाव्यांसाठी फायबरच्या मूर्ती बनवतो. साच्यावर हात आणि गालात तंबाखू-सुपारीचा मावा, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. गेल्या पावसाळ्यात त्याला तिखट सोसेना, वडापावचा घास घ्यायला तोंड पुरतं उघडेना. मीच त्याला धरून एका सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या दातांच्या डॉक्टर संघमित्रा यांनी स्पष्ट सांगितलं की माव्याने तोंडाची आतली कातडी आखडत चालली आहे, गालात पांढरा चट्टा आहे, त्याचा तुकडा तपासायला हवा, आणि मावा आजपासून बंद. "एकट्याने सुटत नाही, म्हणून आम्ही आहोत. समुपदेशन आहे, औषधं आहेत," त्या म्हणाल्या. वहिनींची साखर आणि वजन बघून त्यांना तिथल्याच आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. दोघांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात चाळीत महाराज उगवले.

खरा वैताग पुढेच होता. दादाचा मावा कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"अजून खातोस?" मी एकदा विचारलं.

"खातो ना. रविवारी निघतंय सगळं. टेन्शन काय घेतेस, अंबू?"

वहिनी तिकडे बटाटेवड्यांचा दुसरा घाणा काढत होत्या. "माझा फेस बघितलास ना गेल्या वेळी? टब भरून होता. दोन वडे खाल्ले म्हणून काय बिघडतंय." ब्लाउजच्या बाह्या दंडाला घट्ट होत होत्या, तरी फेस मोठा म्हणून बाई खूश. मला रडावं की ओरडावं तेच कळेना.

मी परळच्या शाळेत विज्ञान शिकवते. दादाच्या खोलीतच काचेचा ग्लास घेतला, पाण्यात मीठ टाकलं, लोखंडाचे दोन खिळे बुडवले आणि बॅटरी जोडली. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी.

"हा गंज आहे," दादा म्हणाला.

"तिकडेही गंजच आहे."

"खिळ्याचं काय घेऊन बसलीस? महाराजांचं मशीन वेगळं."

ग्लास भिंतीवर फेकावासा वाटला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या दोन पायांकडे लक्ष गेलं. हिरवेगार, वाकड्या नखांचे, माणसाच्या पायांपेक्षा थोडे मोठे. मागच्या वर्षीच्या देखाव्यातल्या राक्षसाचे. दादाने पुन्हा रंगवायला घरी आणलेले.

"दादा, हा राक्षस मावा खातो का रे?"

"फायबर आहे ते. मी माझ्या हाताने साच्यातून काढलेत. त्यांत काय असणार?"

"मग रविवारी तुझ्याऐवजी हे टबात ठेव. पाणी स्वच्छ राहिलं तर मी महाराजांच्या पाया पडेन आणि पुन्हा डॉक्टरचं नाव काढणार नाही. तपकिरी झालं तर सोमवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं."

दादाने एक पाय उचलून नखांवरून अंगठा फिरवला. महाराजांवर त्याचा विश्वास होता, पण स्वतःच्या हातच्या कामावर त्याहून जास्त होता. पोकळ पाय पाण्यावर तरंगतील हे त्यालाच सुचलं. त्याने त्यांत रेती भरली आणि वरून तोंडं बंद केली.

रविवारी मी कापडी पिशवी घेऊन त्याच्या शेजारी बसले. तिथे शाल आधी पसरतात आणि टब नंतर आत सरकवतात. शालीखाली दादाने स्वतःचे पाय बाकाखाली दुमडले आणि राक्षसाचे पाण्यात सोडले. सेवेकऱ्याने शालीच्या आत हात घालून मूठभर 'औषधी मीठ' टाकलं, यंत्राचं बटण दाबलं आणि पुढे गेला.

महाराज दादापाशी आले तेव्हा डोळे मिटून थबकले. "या गृहस्थांचं आज फार निघालंय. पंचवीस वर्षांचा मावा, थेट यकृताच्या तळातून. नाड्या बोलतायत." आणि त्यांनी शाल उचलली.

काताच्या रंगाच्या पाण्यात दोन हिरवे पाय आणि वाकडी नखं. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

महाराज सावरले. "राक्षसच तो. त्याच्या अंगात विष असणारच."

आणि खरं सांगते, तीन-चार माना डोलल्यासुद्धा. इतकी वर्षं शिकवते, पण त्या क्षणी मला खडू ठेवून घरी बसावंसं वाटलं.

मग दादा उठला. त्याला मोठ्याने बोलता येत नव्हतं, तोंड उघडत नव्हतं, म्हणून सगळे पुढे वाकले. "हे पाय मी केलेत. फायबर आहे. यांना यकृत नाय. यांचं पाणी असं रंगतं, तर माझ्या पाण्यात काय दिसत होतं?"

मी बटण बंद करून टबातलं यंत्र बाहेर काढलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, गंजून खरबरीत झालेल्या. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड गंजतं आणि पाणी रंगतं. पाय असोत वा नसोत. औषधी मीठ ओल्या हातावर चोळून पाहिलं, तर त्यात रिठ्याची पूड होती, तिचा फेस. नवा टब भरून, पाय न ठेवता, मी तेच सर्वांसमोर करून दाखवलं. पाणी रंगेपर्यंत महाराज माइक सोडून मागच्या दाराने निघून गेले होते.

"मग माझी मिश्री?" राधाबाईंनी विचारलं.

"आतच आहे, मावशी."

त्या माझ्यावरच रागावल्या. निदान आशा होती, ती पण घेतलीस, म्हणाल्या. आशा मीही देऊ शकत होते, पण ती रुग्णालयाच्या रांगेत बसवणारी होती.

सोमवारी डॉक्टर संघमित्रांनी दादाला तोंड उघडायला सांगितलं. पावसाळ्यात त्याची दोन बोटं उभी आत जात होती. आता एकच, तेही घासून. त्यांनी चट्ट्याचा तुकडा तपासणीला घेतला, निकाल येईपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाल्या. आखडलेलं तोंड पूर्ववत होईल असं वचनही दिलं नाही. मग चष्मा काढून त्यांनी शांतपणे विचारलं, "इतके महिने काय करत होतात?"

दादाने मान खाली घातली. "पाय धूत होतो."

वहिनी पदराने डोळे पुसत आहारतज्ज्ञांच्या खोलीकडे गेल्या, आणि समुपदेशक दादाला विचारू लागले की सकाळी उठल्यावर पहिला मावा कधी लागतो.

तंबाखू सुटणं आणि वजन उतरणं, दोन्ही हळूहळू होतं, मध्येच घसरायला होतं, पुन्हा उभं राहावं लागतं. त्यासाठी मदत घेण्यात लाज नाही. ती शिकलेल्या माणसाकडून घ्या, आणि आज घ्या. आणि तुमच्या चाळीत, सोसायटीत असा टब आलाच, तर पाय बाहेर ठेवा आणि सरळ म्हणा, आधी पायांशिवाय चालवून दाखवा.