मागं भिंत

“ह्यांना गर्दीत नेऊ नकोस गं. ह्यांना मागं भिंत लागते.”

घरून निघताना सासूबाई म्हणाल्या, तेव्हा वैशाली हसली होती. चाळीस वर्षं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान चालवलेला माणूस. दिवाळीत तिथं पाय ठेवायला जागा नसायची! “अत्ती, दुकान भाड्यानं दिल्यापासून अप्पांचे नखरे वाढलेत, एवढंच. नवा सोफा घेतला, तर त्यावर बसत नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसतात.”

आता वॉटर पार्कच्या रांगेत अप्पांनी तिच्या पर्सचा पट्टा गच्च धरला होता.

“वैशाली, मागं कोण हाय?”

“माणसं आहेत, अप्पा.”

“ढकलायलेत.”

“कुणी ढकलत नाहीये! पट्टा सोडा, तुटेल.”

अप्पा घामाघूम झाले होते. त्यांच्यापायी तिसऱ्यांदा रांग सोडायची वेळ आली, तेव्हा सात वर्षांची आरुषी रडायलाच लागली. वैशालीचाही तोल सुटला. अप्पांचं मनगट धरून तिने त्यांना एका खांबापाशी उभं केलं. “इथनं हलायचं नाही,” ती म्हणाली. आरुषीला सांगावं, तशी.

घसरगुंडी एकदाच झाली. परत येऊन बघते, तर खांबापाशी कुणीच नाही.

घसरगुंडीखाली ठेवलेली पर्स उचलून तिने अप्पांना फोन लावला. तो तिच्याच पर्समध्ये वाजला. भिजेल म्हणून अप्पांनीच ठेवायला दिला होता. गेट, संडास, वडापावची गाडी, ओल्या पोरीला फरफटत तिने सगळं पालथं घातलं. सकाळी बीपीची गोळी घेतली होती का त्यांनी? चेतनला काय सांगायचं? बापाला खांबाशी उभं करून मी पाण्यात गेले होते म्हणून?

“आई, अज्जा!”

पोहण्याचे कपडे भाड्यानं मिळतात, त्या काउंटरवर झुंबड उडाली होती. शंभर हात पुढं आलेले. आणि काउंटरच्या पलीकडे, स्टुलावर, बाह्या सारून, अप्पा.

“निमगा दोड्डदु बेकरी,” तुम्हाला मोठा लागेल, असं कानडीत सांगत एका जाड्या गृहस्थाला नजरेनंच मापून त्यांनी मोठा कपडा काढला आणि साडी पसरावी तसा एका झटक्यात काउंटरवर उलगडला. शेजारची मुलगी नुसती टोकनं घेत होती.

“अप्पा!” सकाळपासूनचा सगळा संताप त्या हाकेत होता.

त्यांनी मान वर केली. कपाळ कोरडं होतं.

“आरुषीच्या अंगातलं हे ढगळ होतंय. बदलून घे.”

“तुम्हाला शोधून जीव गेला माझा! आणि ही गर्दी चालते तुम्हाला?”

“ही समोर हाय की.” अप्पांनी न बघताच मागं हात नेला आणि बोटांच्या पेरांनी भिंतीवर दोनदा ठकठक केलं.

घरच्या हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, चारी बाजूंनी मोकळा ठेवलेला सोफा वैशालीच्या डोळ्यांसमोर आला. तिनेच जागा ठरवली होती त्याची.

तिने घरी फोन लावला. “अत्ती, चेतनला सोफा भिंतीला लावायला सांगा. आत्ताच.”

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस या घडीला कुठं बसलंय? उठा, एकदा बघून या. पाठीला काय टेकलंय, तेही बघा.