वरातीची घोडी मसाईच्या माळावर

अंथरुणाला खिळलेल्या माई गेल्या आणि त्यांच्या लेकीच्या, सरोजिनीच्या, हातांना काम उरलं नाही. हात मात्र ऐकेनात. पहाटे उठून ते गरम पाणी ठेवत, उशी पालथी करत, रिकाम्या खाटेवरची चादर ओढून ताठ करत. ती शिकवायची त्या शाळेतल्या बायका म्हणाल्या, "सुटलात हो, बाई." धाकटा भाऊ माधव सांगलीहून आला तो ठरवूनच आला.

"ताई, आता एकटी इथं काय करणार? नोकरी सोड, या खोल्या सोड, आमच्याकडे चल. हिचं ऑफिस असतं, पोरांना बघायला कुणी नाही. तुळशीचं लग्न झालं की ट्रक घेऊन येतो."

मायेनंच म्हणाला. सरोजिनीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. दोन्हींना जोर लागतो, तो तिच्यात शिल्लक नव्हता.

"तोवर कुठंतरी जाऊन येते," ती म्हणाली.

"कुणाबरोबर?"

"एकटी. घोड्यावरनं. डोंगरात."

माधवला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण ते खूळ जुनं होतं. वडील संस्थानच्या पागेत होते. परकरातल्या सरूला त्यांनी रंकाळ्याच्या काठानं घोडी पळवायला शिकवलं होतं. मग सरू पातळात आली, संस्थान गेलं, वडील गेले, पागेतली घोडी कुणाकुणाच्या दावणीला गेली.

आता कोल्हापुरात भाड्यानं मिळायचा तो टांग्याचा घोडा, नाहीतर वरातीचा. घोडेवाल्या बाबासोंची पांढरी घोडी हौसा सध्या रिकामी होती. तुळशीच्या लग्नाआधी बोहल्यावर चढतंय कोण?

"बाई, ही वरातीची हाय," बाबासो डोकं खाजवत म्हणाले. "डोंगर हिनं बघितल्याला न्हाय."

"मी तरी कुठं बघितलाय?"

"पडलं-झडलं तर?"

"उठीन की."

"तुमी उठशीला वो. मी घोडीचं म्हंतोय!"

माईंच्या जुन्या नऊवारीचा कासोटा घालून सरोजिनी निघाली. पंचगंगेचा पूल मागं पडला. गुऱ्हाळांचा गोड धूर उसावर बसला होता. हौसा गरीब होती, पण सवयीची. दाराला तोरण दिसलं की थांबायची. नवरदेव दारी आला की घोडीच्या पायांवर पाणी पडायचं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ तोंडाशी यायची. हा तिचा मान होता, आणि मान घेतल्याशिवाय ती हलत नसे. दिवाळी नुकती सरलेली, बिनतोरणाचं दार शोधून सापडलं नसतं. केर्लीत थांबली, चढाखालच्या वस्तीत थांबली. गावोगावची पोरं "नवरा पडला, नवरा पडला" ओरडत मागं लागली. पन्हाळा येईतो बाईंच्या मांड्या सोलून निघाल्या. वाऱ्याबरोबर पळायचं मनात होतं ते मनातच राहिलं.

पन्हाळा ओलांडून, उन्हं कलताना, मसाई पठाराच्या पायथ्याला एक वाडी लागली. शेवटच्या घरापुढं हौसानं पाय रोवले. घरातून एक उंच बाई बाहेर आली. तिचं नाव चिमणाबाई.

"कोन पावणं? आन् नवरा कुटं सांडला?"

"नवरा नाही. मीच आहे."

"मंग तुमीच नवरदेव म्हना की!" चिमणाबाई हसली, आत गेली, तांब्या आणून तिनं खुरांवर पाणी ओतलं, ओंजळभर डाळ घोडीला चारली. "हिचा मान झाला. उतरा, तुमचा च्या टाकते."

सरोजिनीला उतरवेना. चिमणाबाईनं तिला कमरेत धरून पोत्यासारखं खाली घेतलं आणि तोंडाकडं बघून विचारलं, "किती दिवस झोपला न्हाईसा, बाई?"

माई गेल्यावर भेटायला आलेल्या कुणीच हे विचारलं नव्हतं. त्या रात्री सरोजिनी तिथंच राहिली.

सकाळी भाकरी-ठेचा बांधून ती हौसावर बसून एकटीच पठारावर चढली. वर नुसता माळ. पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगावर निजायचं, पुन्हा उठायचं. ना दार, ना तोरण. आता पळवू, म्हणून तिनं टाच मारली. हौसा उभीच. पुढं वाट नाही, लगाम धरणारा माणूस नाही, बेंडबाजा नाही, मागं बायका नाहीत. कुठं जायचं ते तिला कळेना. कान टवकारून ती वाजंत्र्यांची वाट बघत राहिली.

सरोजिनी उतरली. लगाम हातात घेऊन पुढं झाली. घोडी मुकाट मागं चालू लागली. थोडं चालल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, की सुट्टीतसुद्धा आपण कुणालातरी ओढत नेतोय. तिला हसू आलं. तिनं खोगीर उतरवलं, लगाम काढला, खोगिरावर डोकं टेकून गवतात अंग टाकलं.

जाग आली तेव्हा सूर्य माथ्यावरून ढळला होता आणि घोडी दिसत नव्हती. उठायला हवं, तिच्या मनानं म्हटलं. माईंचा श्वास जरा बदलला तरी ती ताडकन उठायची. आज ती पडूनच राहिली. उठायला हवं, हवंच, असं म्हणत तिनं कूस बदलली. दुसऱ्यांदा जाग आली तेव्हा घोडी उताराखालून वर आली होती आणि चारी पाय आभाळाकडं करून धुरळ्यात लोळत होती. पांढरीफेक हौसा तांबडी झाली होती.

"बाबासो मला मारतील गं," सरोजिनी म्हणाली. पण अडवायला उठली नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. सकाळी माळ, दुपारी चिमणाबाईच्या घरापुढच्या सोप्यावर गाढ झोप. चिमणाबाई शेंगा फोडता फोडता गुणगुणायची:

दमला माझा जीव, डोंगराची केली उशी
वाऱ्याला सांगा कुणी, हाक मारू नको अशी

तुळशीचं लग्न होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी बाबासो एस.टी.नं पन्हाळ्यापर्यंत आणि पुढं पायी, विचारत विचारत आले. घोडीचा रंग बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं माझी हौसा! परवा वरात हाय, बाई. आन् तुमचं भाऊ ट्रक घिऊन दारात बसल्यात. कुलूप तोडवत न्हाय, बिचाऱ्यास्नी."

सरोजिनी सोप्यावर पडली होती. ती कोपरावर उठली. माधवला द्यायचं जे उत्तर एवढे दिवस सापडत नव्हतं ते सहज तोंडात आलं.

"त्याला सांगा, कुलूप तसंच राहू दे. ट्रक रिकामा ने. शाळा उघडायच्या आधी मी येईन, माझ्या खोल्यांवर."

"भडकतील की वो."

"भडकू दे. मे महिन्यात पोरांना पाठव म्हणावं. चार दिवस सांभाळीन, मग परत ने."

"हे तुमीच चलून सांगितलं तर? मला कशाला मधी घालता?"

"मला उठवत नाही, बाबासो. खरंच."

बाबासोंनी तिच्याकडं पाहिलं, चिमणाबाईकडं पाहिलं, आणि खोगीर चढवलं. घोडीच्या खुरांचा आवाज उतरणीला लागला, वळणाआड गेला.

"रडतायसा व्हय?" चिमणाबाईनं चुलीपासून विचारलं.

"थोडं."

"रडा. भाकरी झाली की हाक मारते."