एका खुंटीचे पाच मार्क

उणे एकोणीस अंशांची थंडी हिल्का तियाइनेनच्या फायद्याची असायला हवी होती. बुधवारच्या दुपारच्या नाचाला एकशे चाळीस माणसं येत. कोट घालून दालनात शिरायला मनाई. हिल्काच्या काउंटरवर कोट सांभाळायचे पाच फिनिश मार्क. म्हणजे सातशे. त्यातले दोनशे रेस्टॉरंटच्या मालकाला, रेयोला, काउंटरच्या भाड्याचे. उरलेले पाचशे हिल्काचे. पगार असा तिला कधी नव्हताच. बावीस वर्षं घर याच हिशेबावर चाललं होतं.

आज एक वाजता दालन भरलं, आणि खुंट्यांवर कोट होते अठ्ठेचाळीस.

बाकीचे नुसत्या सुटात आले होते. कान जांभळे, पापण्यांवर हिम, आणि चेहरा असा की बाहेर जणू जून चालू आहे. कोट घरी ठेवला की पाच मार्क वाचत, आणि पाच मार्कांत कॉफी येई.

कागद कारखान्याने दोन यंत्रं थांबवल्यापासून गावाने आपला धंदाच बदलला होता. बँकेच्या जागेत जुन्या कपड्यांचा बाजार भरे. बुटांच्या दुकानात आता बूट फक्त दुरुस्त होत. रेयोनेही रात्रीचा वाद्यवृंद काढून दुपारचा एक अकॉर्डियनवाला ठेवला होता. बेकार माणसाला दुपार कशी काढायची हाच प्रश्न असतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

दार ढकलून ओइवा आला. कारखान्यात तीस वर्षं पाळीचा मुकादम, आता वर्षभर घरी बसून होता. बसथांब्यापासून चालत आलेला, तोही सुटात.

"कोट कुठंय तुझा?" हिल्काने विचारलं.

"घरी बसलाय. माझ्यासारखाच."

"मरायचंय का?"

"तुला थंडी वाजायला लागली वाटतं. वय झालं तुझं."

तिने आवाज खाली आणला. "पुढच्या बुधवारी घालून ये. पैशांचं राहू दे."

ओइवाचं हसू मावळलं. "मी दान मागायला आलोय का? कोटाचा बिल्ला घेईन तर पैसे मोजून. नाहीतर हा असाच येईन."

तो ताठ मानेने आत गेला. दोन टँगोंच्या मधल्या शांततेत त्याचा खोकला तिला काउंटरपर्यंत ऐकू येत राहिला. हिल्काला राग आला तो स्वतःचा. तिला कुणी असं म्हटलं असतं, तर तिनेही हेच उत्तर दिलं असतं.

गुरुवारी तिने पाटी रंगवली: 'एका खुंटीचे पाच मार्क. खुंटीवर पाच कोट चालतील.'

रेयोने ती दोनदा वाचली. "डोकं ठिकाणावर आहे ना? सगळं जग कोटामागे पैसे घेतं."

"काउंटर माझं, भाव माझा. तुला भाड्याशी मतलब."

पुढच्या बुधवारी ओइवा कोट घालून सगळ्यांआधी हजर. पाटी वाचली आणि दारातच उभा राहून येणाऱ्यांच्या तुकड्या पाडू लागला. "पाच-पाच जण. तिसऱ्या पाळीवाले, गर्दी करू नका. ए, तू सहावा, मागे हो."

"माझा कोट त्या मासेवाल्याच्या कोटाखाली नको," एक बाई कुरकुरली.

"मग वर टांगू," ओइवा म्हणाला. "त्याला आवडेल."

दोन खुंट्या भिंतीतून उखडल्या. हिल्काने पेचकस काढून त्या पुन्हा आवळून बसवल्या. ओइवाने आपल्या चौघांकडून एकेक मार्क गोळा केला, स्वतःचा त्यात घातला आणि पाचही नाणी काउंटरवर ओळीत मांडली.

"मोजून घे."

तिने मोजून घेतली, मोठ्याने, आणि बिल्ला त्याच्या हातात दिला.

चार वाजता नाच संपला. एकही कोट इकडचा तिकडे झाला नव्हता. रेयो काउंटरवर रेलला. "किती?"

"एकशे चाळीस कोट. अठ्ठावीस खुंट्या."

"म्हणजे एकशे चाळीस मार्क." त्याने मान खाजवली. "भाड्याला साठ कमी. जाऊ दे, मी धरत नाही."

हिल्काने पर्स उघडली, साठ मार्क काढून बाकीच्यांवर ठेवले आणि सगळी रक्कम त्याच्याकडे सरकवली. "धर. भाडं थकवून मी कधी इथे उभी राहिलेली नाही."

त्या दुपारी एकशे चाळीस जणांनी प्रत्येकी एक मार्क दिला, हिल्काने साठ. फुकट कुणीच काही घेतलं नाही.