दिवसपाळीवाल्याची गाडी

भीमराजचा फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा धाकूने तो उचलला, आणि तोही बायकोने, प्रेमाने, डोळे वटारले म्हणून.

"रविवारी इंजिन उतरवतोय," भीमराज म्हणाला. "गिअरबॉक्ससकट. दोन रविवार तुझ्यासाठी थांबलो रे. आता येतोस, की घ्यायला येऊ?"

"बघतो," म्हणून धाकूने फोन ठेवला.

"बघतंय काय म्हणतास? जावा गुमान," प्रेमा म्हणाली. "एवढो मान देता तो."

"मान कसलो? गाडी त्येची, इंजिन त्येचा. माका ओझा उचलूक बोलावता."

तर गाडीची गोष्ट अशी. एक काळीपिवळी फियाट, तिचा एक शेठ आणि तिचे दोन ड्रायव्हर. सकाळी सात ते संध्याकाळी सात भीमराज, संध्याकाळी सात ते सकाळी सात धाकू. अशी अठरा वर्षं. साकीनाक्याला गाडी हातातून हातात जायची, त्या दहा मिनिटांत एक कटिंग चहा व्हायचा, क्लच घसरतोय किंवा डावा इंडिकेटर गेलाय एवढं बोलणं व्हायचं, की एक जण घरी आणि दुसरा धंद्याला. भीमराज उंच, धाकू बुटका. त्यामुळे अठरा वर्षं रोज संध्याकाळी धाकूने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, आणि ढुंगणाखाली घरून आणलेली उशी ठेवली. सकाळी ती उशी डिकीत जायची.

पहाटे गॅसच्या रांगेत तास-तास उभा राहायचा तो धाकू. टाकी भरलेली गाडी आयती मिळायची ती भीमराजला. मग हा गृहस्थ पिवळं फडकं घेऊन बॉनेट पुसत बसायचा, आणि नेमका तेव्हाच शेठ यायचा. शेठला पुसणारा दिसला, रांगेत उभा राहणारा कधी दिसलाच नाही. शेठ काही रात्रीचा उठून गाडी बघायला येणार नव्हता. चार वर्षांपूर्वी गाडीची मुदत भरत आली तेव्हा त्याने ती टॅक्सीतून काढून खाजगी करून घेतली, चावी भीमराजच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तू हिला लेकरासारखं सांभाळलंस."

धाकूला मिठाईचा बॉक्स मिळाला. काजूकतली. त्याने ती खाल्ली नाही. प्रेमाने अख्ख्या मजल्यावर वाटून टाकली.

आणि वर कडी म्हणजे तो व्हिडिओ. भीमराजची मुलगी चेतना पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. तिने बापाला गाडीच्या बॉनेटला टेकवून उभं केलं आणि खाली लिहिलं, 'माझे बाबा आणि त्यांची फियाट. अठरा वर्षांची साथ.' धाकूच्या मुलाने, सर्वेशने, कौतुकाने मोबाइल पुढे केला होता. चार हजार लोकांना तो व्हिडिओ आवडला होता. धाकूने तो तीनदा पाहिला. आपलं नाव कुठे दिसतंय का ते शोधायला दोनदा, आणि नाही याची खात्री करून घ्यायला एकदा.

एवढं सगळं पोटात घेऊन धाकू रविवारी सकाळी मरोळला मेट्रोत बसला आणि घाटकोपरला उतरला.

भीमराजचं घर बैठ्या चाळीत अगदी टोकाला. घराला लागून पत्र्याची शेड आणि शेडपुढे मोकळी जागा. तिथे गाडी उभी होती. बॉनेट काढून भिंतीला लावलेलं, रेडिएटर बाहेर, पुढचं तोंड रिकामं. जबडा काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. गाडीवर तीन लोखंडी पाइपांची तिकाटी उभी केली होती आणि तिच्या माथ्यावरून चेनकुप्पी लोंबत होती. तिची साखळी हाताने ओढली की आकड्याला अडकवलेलं वजन बोटभर-बोटभर वर चढतं.

"आला बघ नाइट ड्युटी!" भीमराज हसत पुढे आला. हात कोपरापर्यंत काळे, केस पिकलेले, पण पाठ अजून ताठ. धाकूला त्या पाठीचासुद्धा राग आला.

"जय भीम, काका," चेतना गाडीखालून बाहेर आली. "मागचा शाफ्ट सोडवलाय, गिअरचे रॉड काढलेत, सायलेन्सरचा पाइप, सेल्फच्या वायरी, सगळं. आता फक्त उचलायचं."

"धाकू, उचलायच्या आधी तू एकदा खालून नजर टाक ना," भीमराज म्हणाला. "माझ्या डोळ्यांचा काय भरवसा नाही आता. आणि गाडी तुझ्याही हाताखालची."

ऐकायला किती गोड. तुझ्याही. धाकूच्या कानात तो 'ही' खड्यासारखा टोचला. अठरा वर्षांतली निम्मी वर्षं आपली, आणि वाट्याला आला तो एक 'ही'.

"तुम्ही बापलेकीने सगळं केलंच आहे की," तो म्हणाला. "मी काय नवीन बघणार? काय धरायचं ते सांग."

भीमराजने त्याच्याकडे जरा पाहिलं. काम वाटून दिलं. चेतना साखळी ओढणार, भीमराज समोरून इंजिनाला दिशा देणार, आणि धाकू मागे जमिनीवर बसून गिअरबॉक्सच्या शेपटीखालचा चाकांचा जॅक हळूहळू पुढे ढकलत आणणार. म्हणजे गाडीचं तोंड भीमराजकडे आणि शेपूट धाकूकडे. इथेही तेच.

"चल, घे," भीमराज म्हणाला. चेतनाने साखळी ओढली. कटकट करत इंजिन माउंटिंगवरून सुटलं, किंचित झुललं, नाक वर करून उठलं. काळं, तेलकट, पण अंगाने धड. भीमराजने त्याच्या कडेवर तळवा ठेवला.

"बघ कसं आहे अजून," तो लेकीला म्हणाला. "एकदा पण रस्त्यात बंद पडली नाय हां माझ्या हातात."

माझ्या हातात! धाकूच्या अंगाचा तिळपापड झाला. बंद कशी पडेल? रात्री जे जे कुरकुरायचं ते सकाळी सातच्या आत ठीक करून कोण देत होता? हा भलामाणूस मात्र टपरीवर उभा राहून विचारायचा, "काय रे, सगळं झकास ना?" आणि धाकू म्हणायचा, "झकास." केलेलं काम सांगायची त्याला लाज वाटायची. सांगितलं तर उपकार दाखवल्यासारखं होईल, आणि नाही सांगितलं तरी समोरच्याला आपोआप कळेल, अशी त्याची समजूत होती. ते कळलं नाही म्हणून तो अठरा वर्षं रुसून होता, आणि तो रुसलाय हेही भीमराजला कळलं नव्हतं.

इंजिन वीतभर पुढे आलं आणि थांबलं.

"ओढ," भीमराज म्हणाला.

"ओढतेय बाबा. जड लागतंय."

भीमराजने समोरून हलवून पाहिलं. पुढून मोकळं, पण मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. "काय अडकलं यार? गिअरबॉक्सखालचा पाटा तर काढला. केबल काढली."

आणि जॅकच्या दांड्यावर हात ठेवून बसलेल्या धाकूला एकदम आठवलं.

साखळी.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मरोळच्या नाक्यावर पहाटे गिअरबॉक्सखालचं रबर फाटलं आणि गिअरबॉक्स खाली लोंबायला लागला. मागे एक गरोदर बाई बसली होती, कळा सुरू झालेल्या. धाकूने तिथल्याच एका वर्कशॉपचं शटर बडवून हातभर साखळी मिळवली, गिअरबॉक्सच्या शेपटीवरून गुंडाळली आणि दोन बोल्ट मारून वरच्या, गाडीच्या तळाच्या पत्र्याला टांगली. बाई वेळेत पोचली. सकाळी टपरीवर चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "मागचं रबर बदलून घे." भीमराजने बदललं. साखळी वरच्या अंगाला, पत्रा आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बोगद्यात. ती कोणाला दिसली नाही, आणि धाकूने काढली नाही. असू दे, रबर पुन्हा फाटलं तर तीच धरेल. वर्षानुवर्षांच्या तेलामातीने ती आता लिंपून गेली असणार. खालून बॅटरी मारली तरी चिखलाचा थर दिसेल, बस.

तोंड उघडायचं आणि 'थांब' म्हणायचं. एवढंच होतं.

पण भीमराज चेतनाला म्हणत होता, "तुला काय वाटतं? तू सांग." आणि चेतना पुढून वाकून, मान तिरकी करून, मास्तरणीसारखी बघत होती. धाकूकडे दोघांपैकी कोणीच वळलं नाही. मघाशी विचारलं तेव्हा आपणच नाही म्हणालो, हे धाकूला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्या मनाने हट्ट धरला. विचार ना मला. एकदा म्हण, धाकू, तुझी गाडी, तूच सांग. भीमराज, चार हजार लोकांसाठी ही तुझी गाडी, आणि तिच्या पोटात काय आहे ते तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. त्याला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

"गंजून चिकटलं असेल," चेतना म्हणाली. "एक जोर देऊन बघू?"

"दे. धाकू, मागे ठीक आहे ना?"

"ठीक," धाकू म्हणाला.

चेतनाने अंग टाकून साखळी ओढली. तिकाटी करकरली. आणि मागून आवाज आला, सुकं लाकूड मोडावं तसा. जॅक धाकूच्या हातात हिसकला. गिअरबॉक्सच्या शेपटीतून जाड काळं तेल त्याच्या पायांवर ओघळलं.

"थांब, थांब!" भीमराज ओरडला.

त्यांनी चेनकुप्पी सैल केली, इंजिन परत खाली टेकवलं. चेतना बॅटरी घेऊन खाली शिरली. बराच वेळ तिचा नुसता खरवडण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बाबा, वाट लागली. गिअरबॉक्सचं मागचं घर, अल्युमिनियमचं कवच, तडकलंय. आरपार." आणि थोड्या वेळाने, "इथे साखळी आहे. कोणीतरी साखळीने टांगलाय गिअरबॉक्स!"

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड रडवेलं झालं होतं. सहा महिने ती या गाडीच्या सामानासाठी कुर्ल्यापासून कुठे कुठे फिरली होती. हा भाग आता कुठे मिळतच नाही, हे तिथे उभ्या तिघांनाही माहीत होतं. "साखळी कोणी लावली?" तिने विचारलं.

आता बघा. अठरा वर्षं या गाडीला हात लागले ते दोन माणसांचे. त्यातल्या एकाने साखळी लावली नाही हे त्याला स्वतःला माहीत. मग राहिलं कोण, हे समजायला काही पॉलिटेक्निकला जावं लागत नाही. भीमराजने धाकूकडे पाहिलं. धाकूच्या पायांवर तेल, हातात जॅकचा दांडा, आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते लपवायला त्याला वेळ मिळाला नव्हता. भीमराजने ते सगळं वाचलं. साखळी कोणाची तेही, आणि मघाचं 'ठीक' कसलं होतं तेही.

मग तो लेकीकडे वळला. "मीच लावली होती गं," म्हणाला. "कधीतरी रबर फाटलं होतं. पार विसरलो बघ."

"बाबा! असं कसं विसरता तुम्ही? मी शंभर वेळा विचारलं, वर काही जादा लावलंय का. शंभर वेळा!"

"चुकलं माझं. वय झालं."

चेतना त्याला बोलत राहिली, आणि तो ताठ पाठीचा माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. धाकूला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. शेठची शाबासकी याची, गाडी याची, व्हिडिओ याचा, ही हुशार पोरगी याची. आणि आता मोठं मनही याचंच. माझी साखळी, त्या पहाटेची, अडलेल्या बाईची, माझ्या हातांनी मारलेल्या दोन बोल्टांची, तीही हा स्वतःच्या नावावर करून चालला. आयुष्यात भीमराजचा इतका हेवा धाकूला कधी वाटला नव्हता.

"साखळी माझी आहे," तो ओरडला.

चेतना बोलता बोलता वळली.

"मी लावली. याने नाही. याला ठाऊक पण नव्हती. बाई अडलेली होती गाडीत, मी एकट्याने लावली, आणि बारा वर्षं धरून ठेवलं तिने." बोलताना त्याची छाती फुगली होती. तेवढ्यात चेतनाचे डोळे त्याच्यावर स्थिरावले.

"मग काका," ती हळू म्हणाली, "मघाशी बोलला का नाहीत?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. धाकू पायांवरचं तेल हाताने पुसायला लागला. या प्रश्नाला त्याच्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते बापलेकीच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

"चेतना, पाणी आण काकाला," भीमराज म्हणाला. ती जागची हलली नाही. भीमराजने अवजारांच्या गोणपाटावरून एक पाना उचलला आणि धाकूपुढे धरला. "बोल्ट कुठे मारलेत ते तुलाच माहीत. सोडव."

धाकू गाडीत चढला. गुडघे टेकून त्याने मागचं मॅटिंग उचललं, गंज खरवडला. बोल्टांची दोन्ही डोकी सापडली. पहिल्याला पाना लावून फिरवला तर बोल्ट जागच्या जागी गरगर फिरायला लागला. खालून नट कोणीतरी धरायला हवा होता. हाक मारायची त्याला हिंमत होईना. पण पत्र्याखाली अंग घासत सरकल्याचा आवाज आला, आणि नटाला दुसरा पाना बसला. भीमराज खाली गेला होता, त्या सांडलेल्या तेलातच.

पत्र्याच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो. धाकू थांबून राहिला.

"शिवी तरी घाल की रे," शेवटी तो म्हणाला.

"आधी फिरव," खालून भीमराज म्हणाला.