ओढ्याकाठची पानं

यंदा रानडुकरांनी म्हाताऱ्या जमरेचा उतारावरचा अर्धा वाफा उकरून टाकला होता. वाफा च्वीचा, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या रानटी अ‍ॅस्टरचा. वीस वर्षांपूर्वी डोंगरावरून मूठभर बी आणून तिनं तो धरला होता. वसंतात कोवळी पानं खुडायची, शरदात फुलं येऊ द्यायची, बी राखायचं. ते खड्डे बघवेनात म्हणून तिची सून युरिम कोणाला न सांगता सकाळीच टोपली घेऊन रानात गेली, आणि रोपं आणून लावून मोकळीही झाली. बुसानसारख्या शहरातली पोर, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

नऊच्या सुमारास जमरे वाफ्यात वाकली आणि तशीच थांबली.

"युरिम, ही कुठून आणलीस?"

"थोडी झाडीतून, थोडी ओढ्याकाठून. तिथली काय लुसलुशीत होती, आई."

जमरेनं दोन पानं खुडून सुनेच्या तळहातावर ठेवली. "डोळे मीट. अंगठा फिरव."

"हे खरखरीत लागतंय. हे गुळगुळीत."

"खरखरीत ती च्वी. गुळगुळीत, ओल्यात वाढतं ते विषारी. याची पानं कोणी खाल्ली का?"

युरिमच्या तोंडचं पाणी पळालं. "दोकबे आजोबांना देऊन आले. उरलेली सगळी पानं, टोपलीसकट."

दोकबे ऐंशीचा, एकटा, वरच्या वळणावर राहणारा. कच्च्या पानात भात आणि आंबवलेल्या सोयाबीनची चटणी गुंडाळून खाणं ही त्याची वसंतातली चैन. युरिमनं फोन लावला. तो वाजतच राहिला. म्हातारा कानाचं यंत्र कधीच लावत नसे. जमरे चढाला लागली होती. गुडघे दुखत होते, पण ती थांबली नाही. सून पुढे धावली.

दोकबे ओसरीवर बसला होता. हातातला घास तोंडाशी पोचलेला. युरिमनं तो हिसकावून घेतला.

"अगं, वेड लागलं का? म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढतेस?"

"थुंका, आजोबा. तोंडात असेल ते थुंका."

जमरे धापा टाकत आली. "दादा, किती खाल्लीत?" ती त्याच्या कानाशी ओरडली.

"चार. नाही, पाच. दोन जरा झोंबली जिभेला. म्हटलं, माझी चटणीच तिखट झाली असेल."

युरिम सरपंचांची गाडी बोलवायला पळाली. तेवढ्यात जमरेनं टोपली जमिनीवर उपडी केली आणि एकेक पान चाचपून दोन ढीग लावले. गुळगुळीत सात निघाली. डॉक्टरांना दाखवायला तिनं ती रुमालात बांधली. गाडी येईस्तोवर दोकबे पोट धरून वाकला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला तीनदा उलटी झाली. सलाईन लावलं. डॉक्टरांनी पानं बघितली आणि एवढंच म्हणाले, "थोडक्यात वाचले. पण रात्रभर इथंच ठेवू." बाकावर युरिम हात मांडीवर दाबून बसली होती. संध्याकाळी म्हाताऱ्यानं पेज मागितली, तेव्हा कुठे ती रडली.

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन वाफ्यात उतरली. "मी लावलेलं सगळं उपटते, आई."

"बस खाली," जमरे म्हणाली. "एकेकाला हात लाव आणि नाव सांग. तुझ्याकडून चुकलं हे खरं. पण तुला न शिकवता मी वर्ष काढलं, तेही खरंच."

युरिमनं रोपामागून रोप चाचपलं. पानाची लव, कडेचे दाते, देठाच्या कडेची पंखासारखी बारीक पट्टी. च्वी, च्वी, विष. उपटलेल्यांचा ढीग वाढत गेला. शेवटी एक एवढंसं रोप उरलं. पान नुकतं उलगडलेलं, लव असून नसल्यासारखी.

"आई, हे कळत नाही."

"मग काय करशील?"

युरिमनं पान परत एकदा चाचपलं. मग ते मुळासकट उपटलं.

जमरेला दुरूनच दिसलं होतं, ती अस्सल च्वी होती. तरी तिनं ते रोप उपटलेल्यांच्या ढिगावर टाकलं. पाण्याची झारी उचलून तिनं उरलेल्या रोपांना पाणी घालायला सुरुवात केली.