दगडावर राहिलेले पान

मित्रांनो, मला उचलायला एके काळी दोन धट्टीकट्टी माणसे लागत. आता कोणीही एकटा काखेत मारून नेईल, इतका मी झिजलो आहे. मी शिळाछापाच्या छापखान्यातला जुना दगड आहे. माझ्या पाठीवर अनेक वर्षे कुराणाची पाने छापली गेली. आता खूप थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

मी खाणीतून आलो तेव्हा आमच्या छापखान्यात एक कातिब होते. कातिब म्हणजे सुंदर अक्षरात ग्रंथ लिहून काढणारा. त्यांचे आजोबा अख्खे कुराण हाताने लिहीत, आणि एका प्रतीला वर्ष लागे. पुढे शिशाचे खिळे जुळवून छापायची यंत्रे आली. पण त्यांत अक्षरे सुटी सुटी दिसत. हाताच्या लिखाणातला डौल त्यांना येईना. मग लोकांना आमची, दगडांची, आठवण झाली.

काम असे चाले. कातिब चिकट शाईने खास कागदावर पान लिहीत. तो कागद माझ्यावर पालथा घालून दाबला की अक्षरे माझ्यावर उतरत, पण उलटी, आरशात दिसतात तशी. मग मला ओल्या स्पंजाने पुसायचे आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नसे, फक्त अक्षरांवर बसे. वर कोरा कागद ठेवून दाब दिला की पान सुलट उमटे. छपाई झाली की वाळू आणि पाणी घालून मला दुसऱ्या दगडावर घासत आणि पुढच्या पानासाठी कोरा करत. प्रत्येक पानागणिक मी थोडा थोडा संपत होतो. त्या घासणीचे पाणी मात्र कोणी गटारात सोडत नसे. त्यात पवित्र अक्षरे विरघळलेली असत, म्हणून ते मडक्यात साठवून अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतत.

यंत्र चालवायचे कातिबांचे जावई. त्यांना वाचायला उशिरा येऊ लागले होते. वाळत घातलेल्या पानांवर बोट ठेवून ते एकेक शब्द लावत बसत. पाने तपासायला येत कातिबांचे बालमित्र हाफिजसाहेब. हाफिज म्हणजे ज्याला सगळे कुराण तोंडपाठ आहे असा माणूस. ते जावयांची फार थट्टा करत.

"काय जावईबापू, गाडी अजून पहिल्याच ओळीत?"

"बैलगाडी आहे, हाफिजसाहेब. पोचेल."

कातिबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. स्वतःच्या हातची एक संपूर्ण प्रत छापून व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. सगळी पाने झाली. शेवटचे उरले, ते माझ्या वाट्याला आले. हाफिजसाहेबांनी नमुना हातात घेऊन खड्या आवाजात म्हटला. कुठेही अडखळले नाहीत. तीनशे कागद छापून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई एका हातात जुनी प्रत धरून दोरीवरच्या पानाशी बोट लावून उभे राहिले, ते हलेचनात. मग सासऱ्यांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मामा, इथली एक आयत गळली आहे."

दोन आयती, म्हणजे कुराणातली वचने, एकाच शब्दांवर संपत होत्या. लिहिताना कातिबांची थकलेली नजर पहिलीच्या शेवटावरून थेट दुसरीच्या शेवटावर गेली होती. मधली ओळ राहूनच गेली.

हाफिजसाहेब भडकले. "चाळीस वर्षं मला पाठ आहे! माझ्या नजरेतून सुटेल?"

"पाठ आहे म्हणूनच सुटलं," जावई खाली मान घालून म्हणाले. "तुम्ही म्हणता. मी वाचतो."

हाफिजसाहेबांनी पान घेतले आणि पहिल्यांदाच जावयांसारखे बोट ठेवून वाचले. एका जागी बोट थांबले.

"चूक माझी," ते म्हणाले.

"लिहिलं मी आणि चूक तुझी? लहानपणापासून तू माझ्या वाटचं सगळं लाटतोस," कातिब म्हणाले. दोघे हसले. मग कातिबांनी पान डोळ्यांजवळ नेले. "पान पुन्हा लिहावं लागेल. मला आता रेघसुद्धा दिसत नाही रे."

त्या तीनशे कागदांपैकी एकही रद्दीत गेला नाही. कापडात गुंडाळून ते स्वच्छ जागी पुरले. मला पुन्हा घासले. कातिब नव्या कागदासमोर बसले. जावई प्रत्येक शब्दाच्या जागी बोट ठेवत आणि शब्द उच्चारत. त्या बोटाला बोरू टेकवून कातिब नुसत्या सवयीने अक्षर काढत. एरवी अर्ध्या दिवसाचे पान, त्याला सहा दिवस लागले. हाफिजसाहेबांनी ते बोट ठेवून तीनदा तपासले. मग ते माझ्यावर उतरले आणि प्रत पुरी झाली. कातिबांनी ती छातीशी धरली. त्यानंतर त्यांनी बोरू हातात घेतला नाही.

मला घासायची वेळ आली, तेव्हा जावई म्हणाले, "याला राहू द्या." गोंदाचा पातळ हात फिरवून त्यांनी मला कपाटात ठेवले.

पुढे फोटो काढून छापणारी यंत्रे आली. माझ्या सोबतचे दगड कोणाच्या पायऱ्या झाले, कोणाच्या न्हाणीत गेले. ती तिन्ही माणसेही गेली. नव्या लोकांना मी ठाऊक नाही. माझ्यावर रंगाचे डबे ठेवलेले असतात. त्यांचा राग येण्याइतकीही ताकद आता उरली नाही.

मित्रांनो, जे तुम्हाला फार चांगले येते, तेसुद्धा कधीतरी बोट ठेवून वाचत जा. आणि या बाजूला आलात, तर तेवढे डबे उचलून मला ओल्या फडक्याने हलकेच पुसा. ती ओळ अजून माझ्यावर आहे. उलटी आहे, पण गळलेली नाही.