वर्गातला सगळ्यात लांब शब्द

"पाय शाबूत आहेत ताई, बैठकच तेवढी खचलीय," आरामखुर्ची उलटी करून चाचपत सोफावाला म्हणाला. "दुकानात न्यायला नको. इथंच करून देतो."

"बरं होईल. बाबांना दुसऱ्या खुर्चीत चैनच पडत नाही."

बाबा खिडकीपाशी पलंगावर बसले होते. त्यांच्याकडे नजर गेली आणि सोफावाल्याच्या हातातली पक्कड तशीच राहिली. सातवीला इंग्रजी शिकवणारे सर!

त्या वर्षी एकदा सरांनी फळ्यावर 'अप' लिहिलं होतं. "अप म्हणजे वर. सांगा बघू अपनं सुरू होणारे शब्द."

"अपमान!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

"अरे शहाण्या, आपला अप खाली ओढतो, इंग्रजीतला वर चढवतो," सरही हसले.

मग शब्द येत गेले. अपहिल, चढाचा. अपराइट, ताठ उभा. माणूस असेल तर सचोटीचा. अपरूट, मुळासकट उपटणं. अपब्रिंगिंग, लहानाचं मोठं करणं. मग या सोफावाल्याची पाळी आली. वडिलांच्या दुकानाच्या पाटीवरचा एकच शब्द त्याला ठाऊक होता.

"अपहोल्स्टरी."

"स्पेलिंग?"

त्याची बोबडी वळली. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी स्वतः तो शब्द फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिला.

"हसताय काय? अप आणि होल्ड. उचलून धरणं, सांभाळणं. त्यातून आलाय हा शब्द. खुर्च्या-सोफे मढवायच्या, याच्या वडिलांच्या धंद्याचं नाव आहे ते!"

फळा पुसायची पाळी त्या दिवशी त्याचीच होती. त्यानं बाकी सगळं पुसलं, तेवढा शब्द ठेवला.

पुढच्याच वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. दुकान त्याच्या गळ्यात पडलं. पण हातातल्या कामाची त्याला कधी लाज वाटली नाही.

"सर, ओळखलंत?" तो पलंगाजवळ गेला. "सातवी ब. तो अपहोल्स्टरीवाला."

सरांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "नाही हो. माफ करा. फार मुलं गेली हाताखालून."

"हल्ली माझंसुद्धा नाव विसरतात," लेक हळूच म्हणाली.

"असू दे ताई. माझ्या लक्षात आहे ना."

तो कामाला लागला. कुजलेला काथ्या उपसला, पट्ट्या ताणून बसवल्या, नवं कापड चढवलं. दुपार कलली. मागच्या बाजूला चार चुका, कापडाचे बारीक खिळे, ठोकायच्या राहिल्या होत्या, तोच सर उठले आणि कुणाला न विचारता येऊन खुर्चीत बसले. नव्या कापडावरून त्यांनी तळवे फिरवले.

"वा! झकास जमलीय हो," म्हणाले, आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला.

"उठवू का?" लेकीनं विचारलं. "तुमचा खोळंबा होतोय."

"छे छे, झोपू द्या."

हातोडी त्यानं आवाज न करता फरशीवर ठेवली. त्या चार चुका मुठीत धरून तो खुर्चीमागे भिंतीला टेकून बसून राहिला.